चर्चमधला आवाज : ऐकू येणं आणि कळणं



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं आणि लाऊडस्पीकरचं काय नातं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की शब्द म्हणजे काय, अर्थ कसा पोहोचतो, ऐकणं ही कृती आहे की नुसती घटना, याच प्रश्नांत आमची चाळीस वर्षं गेली. आणि हे सगळे प्रश्न चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसतात. तिथे बसलेल्या आजींना पाळकांचा आवाज येतो, पण ते काय म्हणाले ते कळत नाही. त्या दर रविवारी येतात, उठतात, बसतात, आमेन म्हणतात आणि घरी जातात. त्यांची तक्रार कोणाच्या कानावर पडत नाही, कारण त्या ती करतच नाहीत. आजचं व्याख्यान त्या आजींसाठी आहे असं समजा.

चर्चची कमिटी बसते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा असा येतो : "साऊंड सिस्टिम किती वॅटची घ्यायची?" आमचं म्हणणं, हा शेवटचा प्रश्न आहे. तो पहिला विचारला, की पुढचं सगळं चुकत जातं. पहिला प्रश्न कोणता, तिथून सुरुवात करू.

ध्वनी आणि शब्द

भर्तृहरीनं 'वाक्यपदीया'त ध्वनी आणि स्फोट असा भेद केला आहे. अगदी सोपं करून सांगायचं तर कानावर आदळतो तो ध्वनी, आणि त्यातून मनात उलगडतो तो अर्थवाही शब्द. ध्वनी आला म्हणजे शब्द आलाच असं नाही. ध्वनिशास्त्रही आपल्या भाषेत हेच सांगतं. बोलण्यातली ताकद, म्हणजे आवाजाचा जोर, मुख्यतः स्वरांत असतो. अर्थाची ओळख मात्र बरीचशी व्यंजनांवर अवलंबून असते. स्वर जाडे, दमदार आणि लांब. व्यंजनं बारीक, क्षणिक आणि नाजूक. व्यंजनांची ओळख पटवणारी बरीच माहिती साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते.

आता मराठीचा विचार करा. 'दान' आणि 'धान', 'बार' आणि 'भार', 'करा' आणि 'खरा'. फरक किती? एका श्वासाचा. घुमणाऱ्या इमारतीत आधीच्या अक्षराचा स्वर अजून भिंतींवर फिरत असतो आणि पुढचं व्यंजन त्याखाली गाडलं जातं. कानाला नुसतं 'आ... आ... आ' ऐकू येतं. आवाज वाढवला तर काय होतं? व्यंजन मोठं होतं, पण त्याला गाडणारा स्वरही तितकाच मोठा होतो. म्हणून "आवाज वाढवा, ऐकू येत नाही" या तक्रारीवर बटण फिरवून बहुतेक वेळा उपाय होत नाही.

मराठीची आणखी एक गंमत आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'आहे' की 'नाही', 'करावं' की 'करू नये', हा सगळा निकाल शेवटच्या शब्दात असतो. आणि दमलेला वक्ता आवाज नेमका तिथेच खाली टाकतो. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारे वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी १७११ च्या सुमारास चर्चबांधणीवर एक टिपण लिहिलं होतं. त्यात त्यांनी हिशेब मांडला : मध्यम आवाजाच्या प्रवचनकाराचं बोलणं समोर ५० फूट, दोन्ही बाजूंना ३० फूट आणि पाठीमागे २० फूट नीट ऐकू येतं, आणि तेही त्यानं वाक्याचा शेवटचा शब्द गिळला नाही तर. इंग्रजीत ही अडचण असेल, तर मराठीत ती दुप्पट आहे. तेव्हा माईक विकत घेण्याआधी वाचन करणाऱ्यांना एवढं सांगा, की शेवटचं क्रियापद पूर्ण उच्चारा. याला खर्च शून्य.

म्हणून पहिला प्रश्न असा : शेवटच्या बाकावर बसलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला वाक्य कळतं का? याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास शब्द कागदावर लिहा. एकानं ते व्यासपीठावरून, पुरेसा वेळ सोडत वाचावेत. निरनिराळ्या बाकांवर बसलेल्या दहा जणांनी ऐकू येईल ते लिहावं. मग ताडून पाहा. शब्द सुटे हवेत, कारण ओळखीचं वचन असलं, तर माणूस न ऐकताही ते मनानं पूर्ण करतो. हा कागद जपून ठेवा. नवी यंत्रणा बसल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यायची आहे. त्याशिवाय पैसे सत्कारणी लागले की नाही हे कळणार कसं?

पहिलं यंत्र म्हणजे इमारत

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं. बोललेलं कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून मांडल्या, ऑर्गनच्या नळीचा आवाज केला, आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढवत गेलं की वेळ कमी होत जातो. त्यातून एक सूत्र निघालं, आणि ते आजही वापरात आहे : खोलीचं घनमीटरमधलं आकारमान घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि एकूण शोषणानं भागा. उत्तर सेकंदांत येतं. आवाज ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा हा वेळ. याला आपण घुमण्याचा काळ म्हणू.

शोषण मोजायचं कशात? सॅबिननं माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण पूर्ण. आपल्याकडे ही नुसती उपमा नाही. आपली चर्चेस खिडक्या उघड्या टाकूनच वापरली जातात.

एक हिशेब करून पाहू. समजा, चर्च २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ९ मीटर उंच आहे. दगडी भिंती, शहाबादी फरशी, लाकडी छत. आकारमान २५९२ घनमीटर. त्याला ०.१६१ नं गुणलं की साधारण ४१७ येतात. रिकाम्या, बंद चर्चचं शोषण १०० चौरस मीटर धरू. घुमण्याचा काळ ४.२ सेकंद. आता खिडक्या उघडल्या, २० चौरस मीटर वाढले. माणूस बसला की साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण येतं. सकाळच्या उपासनेला ३० माणसं असली, तर काळ ३.१ सेकंद. रविवारच्या मुख्य उपासनेला २०० माणसं, तर २ सेकंद. नाताळला ३५० माणसं, तर १.५ सेकंद.

म्हणजे इमारत एक, पण चर्चेस तीन. सर्वांत वाईट ऐकू येतं ते कमी माणसं असतात तेव्हा. आणि यंत्रणेची चाचणी कधी होते? शनिवारी दुपारी, रिकाम्या चर्चमध्ये! तिथे बटणं जुळवली आणि ती रविवारी तशीच ठेवली, की गोंधळ ठरलेला. म्हणून दोन जुळण्या लिहून ठेवाव्यात : एक थोड्या माणसांसाठी, एक भरलेल्या चर्चसाठी. शिवाय थोडी माणसं असली, तर त्यांना पुढच्या बाकांवर बसवावं. हाही ध्वनिशास्त्राचाच उपाय आहे.

इमारतीत दुसरा शत्रू असतो तो पार्श्वभूमीचा आवाज. बोलणं आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असलं, तर ते आरामात कळतं. आपल्याकडे हा गोंगाट कोण करतं? रस्ता करतोच, पण छताचे जुने पंखेही करतात. घरघरणारे बारा पंखे हे बारा विरोधी वक्ते आहेत. त्यांची बेअरिंगं बदलणं हे नव्या स्पीकरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तरीही नव्या स्पीकरचं कोटेशन मागवलं जातं आणि पंख्यांकडे कोणी मान वर करून पाहत नाही.

विजेआधीची योजना

वीज नव्हती तेव्हा लोक बहिरे राहत नव्हते. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बॅसिलिका पाहा, १६०५ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं. तिथलं प्रवचनाचं व्यासपीठ वेदीजवळ नाही. ते सभागृहाच्या बाजूच्या भिंतीवर, उंचावर, लोकांच्या जवळ आहे, आणि त्याच्यावर लाकडी छत्र आहे. याला आम्ही संपूर्ण ध्वनियंत्रणा म्हणतो. वक्ता लोकांच्या मधोमध आणला म्हणजे अंतर घटलं. उंचीवर ठेवला म्हणजे पुढच्यांची डोकी आडवी येत नाहीत. वर छत्र दिलं म्हणजे आवाज घुमटात हरवण्याआधी लोकांकडे वळतो. आजचा इंजिनिअर याहून वेगळं काही करत नाही.

घुमणाऱ्या इमारतींनी उपासनेची भाषाही घडवली. लांब घुमणाऱ्या दगडी कॅथेड्रलमध्ये पुरोहित बोलत नाही, एका सुरावर सावकाश गातो. घुमणं तिथे वैरी नसतं, साथीदार असतं. पुढे धर्मसुधारणेनंतर प्रवचन केंद्रस्थानी आलं आणि इमारतीही बदलल्या. बाख ज्या लायप्झिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये काम करत होता, तिथे लाकडी सज्जे आणि बैठका आल्या, घुमणं कमी झालं, आणि त्यामुळे त्याचं जलद गुंफणीचं संगीत तिथे स्पष्ट ऐकू येऊ शकलं, असं होप बॅगेनल या ध्वनितज्ज्ञानं मांडलं. कॅथलिक परंपरेतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, आणि अर्थ कळणं हा प्रत्येक बाकाचा हक्क झाला. वसईच्या जुन्या चर्चमध्ये आज मराठीत मिस्सा होते. पण त्या भिंती लॅटिन गायनाच्या काळातल्या वळणाच्या आहेत, आणि त्यांच्यात आता मराठी वाक्य, शेवटच्या क्रियापदासकट, पोहोचवायचं आहे.

आपल्या मराठी मंडळ्यांची गोष्ट तर आणखी निराळी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच सकाळी प्रवचन, शास्त्रवाचन, पेटी-तबल्यावरची भजनं आणि ऑर्गनवरची पाश्चात्त्य चालीची गीतं. बोलण्याला कमी घुमणं हवं, गाण्याला जास्त. जी योजना हे दोन्ही ध्यानात घेत नाही, ती अर्धी योजना.

स्पीकर कुठे लावावा

कोणत्याही बंद जागेत आपल्या कानावर दोन आवाज येतात. एक थेट, वक्त्याकडून किंवा स्पीकरकडून सरळ आलेला. दुसरा भिंतींवरून फिरून आलेला. थेट आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं घसरतो. फिरून आलेला सगळीकडे जवळपास सारखाच असतो. एका विशिष्ट अंतरावर दोघे समान होतात, आणि त्यापुढे घुमणाऱ्याचं राज्य सुरू होतं. आपल्या वरच्या चर्चमध्ये, २०० माणसं असताना, उघड्या गळ्यानं बोलणाऱ्याचं हे अंतर सुमारे ३ मीटर येतं. आवाज एका दिशेनं फेकणारा चांगला स्पीकर असेल, तर साडेसहा मीटर. चर्च मात्र २४ मीटर लांब!

यातून योजनेचा मुख्य नियम निघतो : आवाज माणसांवर टाका, भिंतींवर टाकू नका. माणसं शोषतात, भिंती परत फेकतात. यासाठी उभे, सडपातळ कॉलम स्पीकर उपयोगी पडतात. ते आडवे रुंद पसरतात आणि उभ्या दिशेनं अरुंद राहतात, म्हणजे छताकडे आवाज कमी जातो. ते थोडे खाली झुकवून बाकांकडे रोखायचे. बसलेल्या प्रत्येकाला निदान एक स्पीकर डोळ्यांना दिसला पाहिजे. खांबाआड तो दिसत नसेल, तर व्यंजनंही खांबाआडच राहतील.

आता वॅटचा प्रश्न घेऊ. साधारण स्पीकर एका वॅटवर एका मीटर अंतरावर ९० डेसिबल देतो. आठ मीटरवर तो १८ डेसिबलनं घसरून ७२ होतो. बोलणं समजायला ही पातळी पुरेशी आहे. म्हणजे लागला किती? एक वॅट! बोलण्यातले अचानक येणारे चढ धरून १५ डेसिबलची मोकळीक ठेवली, तरी सुमारे ३० वॅट. गाण्याला आणि वाद्यांना आणखी लागेल, हे मान्य. पण हजार वॅटची पाटी वाचून हुरळून जाऊ नका. ताकद दुप्पट केली, तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दसपट ताकद लागते.

आमच्या पाहण्यातल्या एका चर्चला एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ दोन मोठे थोरले स्पीकर दिले. वेदीच्या दोन्ही बाजूंना उभे केले, खाली नावाची पितळी पाटी. भावना निर्मळ होती. परिणाम असा, की पहिल्या तीन ओळींतली माणसं कानावर हात ठेवू लागली आणि मागच्या सहा ओळींना पूर्वीइतकंच कळेना. पण ते बाजूला करा असं म्हणणार कोण? देणाऱ्याचा मान राखायचा की मागच्या ओळीचा? शेवटी तोडगा निघाला. ते स्पीकर नाताळच्या मैदानातल्या कार्यक्रमासाठी ठेवले गेले, पाटीसकट. आणि आत लहान कॉलम आले. सांगायचं काय, तर दान घेण्याआधी आराखडा तयार हवा. आराखडा असला, की देणाऱ्याला सांगता येतं, "आम्हाला अमुक हवं आहे." नसला, तर जे येईल ते लावावं लागतं.

चेहरा इथे, आवाज तिथे

लांब चर्चमध्ये पुढचे स्पीकर पुरत नाहीत, मध्ये आणखी एक जोडी लावावी लागते. इथे वेळेचा प्रश्न येतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तारेतून विजेचा संदेश जवळजवळ तत्क्षणी. पुढच्या स्पीकरपासून २० मीटरवर बसलेल्या माणसाला जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो, आणि पुढचा ५८ मिलिसेकंदांनी. शब्द दोनदा आल्यासारखा वाटतो.

हेल्मुट हास यानं जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे १९४९ मध्ये दाखवलं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकानं आला, तर कान जो आधी येतो त्याच्या दिशेनं पाहतो. दुसरा साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर तो थोडा मोठा असला तरी वेगळा ऐकू येत नाही, पहिल्याला बळकटी मात्र देतो. म्हणून मागच्या स्पीकरला मुद्दाम उशीर द्यायचा : ५८ अधिक दहा-बारा, म्हणजे सुमारे ७० मिलिसेकंद. मग काय होतं? आवाज स्पष्ट होतो तो जवळच्या स्पीकरमुळे, पण वाटतो मात्र व्यासपीठावरून आलेला.

हे पूर्वी मोठं अवघड काम होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉलमध्ये, जिथे रिकाम्या इमारतीत आवाज दहा सेकंदांहून जास्त घुमतो, पीटर पार्किन आणि सहकाऱ्यांनी कॉलम स्पीकर लावले. उशीर देण्यासाठी फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज नोंदवून तो क्षणभरानं उचलला जाई. आज हीच सोय साध्या डिजिटल मिक्सरमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये असते. असते, पण पुष्कळ ठिकाणी ती चालू केलेली नसते! कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचारा : "मागच्या स्पीकरला डिले किती दिला आहे?" उत्तर मिलिसेकंदांत आलं, तर माणूस जाणकार.

आम्हाला यात नुसती सोय दिसत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा समोर आणि आवाज डोक्यावरच्या डब्यातून, असं झालं की बोलणं हे एका माणसानं दुसऱ्याशी बोलणं राहत नाही. ती स्टेशनावरची उद्घोषणा होते. उपासनेत कोण बोलतो आहे हे कळणं, हा काय बोलतो आहे याचाच भाग असतो.

माईक, गाणं आणि न दिसणारी तार

माईकबद्दल तीन गोष्टी. पहिली, जवळीक. तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असलेला माईक ६० सेंटिमीटरवर नेला, तर १२ डेसिबल गेले. ते भरून काढायला ऑपरेटर बटण चढवतो आणि माईक कुई करतो. कुई म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडण्याचं चक्र. म्हणून माईक स्पीकरच्या मागे आणि तोंडाच्या जवळ. दुसरी, उघड्या माईकांची संख्या. चालू माईक दुप्पट झाले की कुई होण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलनं घटते. चार माईक चालू आणि बोलणारा एकच, तर ६ डेसिबल फुकट गेले. जो बोलतो त्याचाच माईक चालू. तिसरी, उंची. शास्त्रवाचनाला कधी उंच तरुण येतो, कधी दहा वर्षांची मुलगी. वाकवता येणाऱ्या दांडीचा माईक असावा, आणि तो खाली करून देणारं कोणीतरी जवळ असावं. त्या मुलीचं वाचन ऐकू आलं नाही, तर ती पुढच्या वेळी पुढे येत नाही.

गाण्याबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. मंडळी गाते तेव्हा मंडळीला मंडळीच ऐकू आली पाहिजे. गायनवृंदाचे चार माईक आणि कीबोर्ड इतके चढवले, की बाकावरच्या माणसाला स्वतःचा आवाज येईना, तर तो गायचा थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गाणं जोरात चाललं आहे. पण सहभाग संपलेला असतो, आणि उरलेला असतो तो श्रोतृवर्ग. गायनवृंदानं सूर धरून द्यावा, पहिलं कडवं थोडं पुढे होऊन गावं, मग मागे यावं. तबला आणि ढोलकीला दगडी चर्चमध्ये बहुधा माईक लागतच नाही.

आता न दिसणाऱ्या तारेबद्दल. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना मोठा स्पीकर फारसा मदत करत नाही, कारण यंत्र घुमणंही मोठं करतं. त्यांच्यासाठी बाकांभोवती जमिनीलगत एक तार फिरवता येते. वेगळा अँप्लिफायर तिच्यात प्रवाह सोडतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि श्रवणयंत्र 'टी'वर ठेवलं की त्यातलं वेटोळं ते पकडतं. माईकचा आवाज थेट कानात, मध्ये भिंत नाही, पंखा नाही. सगळ्या यंत्रांत 'टी'ची सोय नसते, म्हणून आधी आपल्या लोकांना विचारून घ्यावं. सगळं चर्च वेढणं परवडत नसेल, तर चार बाक वेढा आणि तिथे खूण लावा. या तारेवर नावाची पाटी बसत नाही, म्हणून तिला देणगीदार मिळणं कठीण जातं. कमिटीनं ती आपल्या खर्चात आधी धरावी, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

भिंतीपलीकडचे कान

चेन्नईतल्या एका चर्चविरुद्ध शेजारच्या वसाहतीनं केलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २००० मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं, की ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून इतरांची शांतता भंग करत प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, लाऊडस्पीकरला परवानगी आवश्यक, रात्री १० ते सकाळी ६ निर्बंध, आणि रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. हे नियम मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च सगळ्यांना सारखेच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या योजनेत मागच्या आजींना नीट कळतं, त्याच योजनेत शेजाऱ्याला त्रास कमी होतो. अनेक लहान स्पीकर, माणसांच्या जवळ, हळू आवाजात. भिंतीबाहेर जातो तो आवाज आत कोणाच्याच कामाचा नसतो. गर्दीच्या दिवशी अंगणात बसणाऱ्यांसाठी बाहेर स्पीकर लागले, तर ते इमारतीकडे पाठ करून रस्त्याकडे फेकू नका; कुंपणाकडून आत, लोकांकडे वळवा.

पैसा कोणत्या क्रमानं

आता सगळं एका क्रमात मांडतो. आधी शब्दांची परीक्षा घ्या आणि कागद ठेवा. मग पंखे, खिडक्या, वाचन करणाऱ्यांचा सराव; याला फार पैसे लागत नाहीत. मग गरजांची यादी : प्रवचन, भजन, लग्न, अंत्यविधी, अंगण, ऑनलाईन प्रक्षेपण. त्यावरून आराखडा, आणि आराखड्यावरून कोटेशन; उलट नाही. खरेदीत पहिला पैसा चांगल्या माईकवर आणि योग्य जागी लावलेल्या स्पीकरवर. वायरिंग नीट हवं : आवाजाच्या तारा पंख्या-दिव्यांच्या तारांपासून दूर, अर्थिंग पक्कं, नाहीतर ५० हर्ट्झची हुमहुम कायमची पाहुणी. घेण्याआधी यंत्रणा एका रविवारी लावून पाहण्याची अट घाला. आणि शेवटी तारांचा नकाशा आणि दोन्ही जुळण्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कारण ज्या पोराला सगळं माहीत असतं, ते पोरगं नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला जातं.

ते बटणांमागे बसणारं पोरगं किंवा पोरगी चर्चच्या मागच्या भागात, लोकांमध्ये बसली पाहिजे. बाजूच्या खोलीत काचेआड नाही. जो लोकांना ऐकू येतं ते ऐकत नाही, तो लोकांसाठी आवाज लावू शकत नाही.

पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासाचा संबंध ऐकण्याशी जोडला आहे. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यात एक जबाबदारी दिसते. ऐकणं दुसऱ्याच्या ठिकाणी घडतं. बोलणारा त्याची सोय करू शकतो किंवा ती मोडू शकतो. सहा महिन्यांनी तोच पन्नास शब्दांचा कागद पुन्हा काढा आणि मागच्या बाकावरच्या आजींच्या हातात पेन्सिल द्या. त्यांचे शब्द वाढले असतील, तर तुमची यंत्रणा चांगली आहे.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कृपा करून शेवटचं क्रियापद मोठ्यानं म्हणा.